पहिली मॅच आधी, पिस्तूल नंतर

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की तू न्यू जर्सीत राहतोस, ग्रीन कार्ड हातात आलंय, कोल्हापूरला कॉलेजात असताना दोन वर्षं १० मीटर एअर पिस्तूल केलंयस, आता इथे यूएसपीएसए म्हणजे प्रॅक्टिकल शूटिंग सुरू करायचंय. तर कोणतं पिस्तूल घेऊ, नियम किती कडक असतात, क्लबात आपल्यासारख्या माणसाला नीट वागवतात का, आणि रूममेट एच-वन-बीवर आहे त्यालाही यायचंय. मी पेन्सिल्व्हेनियात राहते, ११ वर्षं हे खेळतेय, त्यातली ७ वर्षं रेंज ऑफिसरचं, म्हणजे सुरक्षा आणि गुण बघणाऱ्या पंचाचं, कामही करतेय, म्हणून जरा लांबलचक लिहितेय, सावकाश वाच.

आधी रूममेटचं, कारण ते सगळ्यात गंभीर आहे. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला बंदी आहे. काही अपवाद आहेत, नेहमी सांगितला जातो तो वैध हंटिंग लायसन्सचा. आणि 'बाळगणं' म्हणजे फक्त विकत घेणं नाही, रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक दहा मिनिटं हातात धरली तरी ते बाळगणंच. लोक सांगतात अरे काही होत नाही, मीही मारून आलो. तसं ऐकू नकोस, एका रविवारसाठी त्याचं पुढचं ग्रीन कार्ड धोक्यात जायला नको. त्याने आधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं, तोवर मॅच बघायला खुशाल यावं, टार्गेटवरच्या भोकांवर पट्ट्या चिकटवाव्यात, पडलेली स्टीलची टार्गेटं उभी करावीत, फक्त बंदूक आणि जिवंत गोळी दोन्हीला हात लावायचा नाही.

आता तुझं. तू पहिलाच प्रश्न पिस्तुलाचा विचारलास, सगळेच विचारतात, मीही तोच विचारला होता. माझं म्हणणं एवढंच की पहिली मॅच आधी कर आणि पिस्तूल नंतर घे. म्हणजे एक मॅच पूर्ण दिवस उभं राहून, काम करून, हात रिकामे ठेवून बघ. तुझ्याकडे तसाही वेळ आहे, न्यू जर्सीत फायरआर्म्स आयडी कार्ड लागतं, त्यावर प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळं परमिट लागतं, ते स्थानिक पोलिसांकडून येतं आणि त्याला लागायचा तेवढा वेळ लागतोच. ते आठवडे व्हिडिओ बघण्यात घालवू नकोस, मॅचला जाण्यात घालव. एका दिवसात तुला कळेल की कुणाच्या कमरेला काय आहे, कुठलं पिस्तूल सारखं अडकतंय आणि कुठलं दिवसभर निमूट चालतंय.

खेळ काय आहे ते सांगते, कारण एअर पिस्तुलावरून येणाऱ्याचा इथे मोठा गोंधळ होतो. आयपीएससी ही या खेळाची जागतिक संघटना १९७६ साली मिझुरीतल्या कोलंबिया गावात सुरू झाली, जेफ कूपर पहिले अध्यक्ष. यूएसपीएसए ही तिची अमेरिकेतली शाखा, १९८४ पासूनची. ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे, डिलिजेन्शिया, विस, सेलेरिटास, म्हणजे अचूकपणा, ताकद आणि वेग, आणि अख्खी गुणपद्धत या तिघांवरच बांधलीय. पुठ्ठ्याच्या टार्गेटवर ए, सी, डी असे भाग असतात. ए ला ५ गुण, सी ला मायनर पॉवरमध्ये म्हणजे कमी ताकदीच्या गोळीला ३ आणि मेजरमध्ये म्हणजे जास्त ताकदीच्या गोळीला ४, डी ला १ किंवा २. गोळी चुकली तर १० वजा, नो-शूटला म्हणजे ज्याला मारायचं नाही अशा पांढऱ्या टार्गेटला लागली तर १० वजा, ठरवून दिलेली पद्धत मोडली तरी १० वजा. मग आलेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं, तो हिट फॅक्टर.

एक उदाहरण घे. ३२ गोळ्यांची स्टेज, म्हणजे मॅचमधली एक फेरी, १६ टार्गेट, पूर्ण गुण १६०. पहिल्याने सगळ्या ३२ ए मारल्या पण २३ सेकंद घेतले, हिट फॅक्टर ६.९६. दुसऱ्याने २६ ए आणि ६ सी मारल्या, मायनरमध्ये १४८ गुण, वेळ २० सेकंद, हिट फॅक्टर ७.४०. तिसरा १९ सेकंदांत आला, सगळ्यात जोरात, पण त्याच्या दोन गोळ्या चुकल्या, २५ ए आणि ५ सी चे १४० त्यातून २० गेले, राहिले १२०, हिट फॅक्टर ६.३२. दुसऱ्याला स्टेजचे पूर्ण १६० मिळतात, पहिल्याला साधारण १५०, तिसऱ्याला १३७ च्या आसपास. म्हणजे एक सी तुला ७ च्या हिट फॅक्टरला पाव-एक सेकंदाला पडते, आणि एक चुकलेली गोळी ए चे ५ आणि वरचे १० असे १५ गुण खाते, म्हणजे दोन सेकंदांहून जास्त. एवढं गणित डोक्यात पक्कं बसलं की कुठे घाई करायची आणि कुठे थांबून नीट बघायचं ते आपोआप सुचायला लागतं.

तुझ्या एअर पिस्तुलात दहाची रिंग ११.५ मिलिमीटरची, ६० शॉटना सव्वा तास. इथल्या टार्गेटचा अंगावरचा ए भाग साधारण ६ इंच रुंद आणि ११ इंच उंच, बऱ्याच वेळा सात-आठ यार्डांवर. म्हणून वाटतं सोपं आहे. पण इथे तू पळत येऊन थांबतोस, खिडकीतून वाकून बघतोस, मधे मॅगझिन बदलतोस, आणि दोन्ही हातांनी धरलेलं पिस्तूल प्रत्येक गोळीला उसळतं. तुझा ट्रिगरवरचा हात तयार आहे ही मोठी कमाई आहे, ती सोडू नकोस, पण साइट अगदी स्थिर होईपर्यंत वाट बघायची सवय मोडावी लागेल. कोल्हापूरचा आहेस म्हणजे राही सरनोबतचं २५ मीटर पिस्तूल माहीत असेलच, त्यातल्या रॅपिडला हात खाली ठेवून उभं राहायचं आणि ३ सेकंदांच्या आत वर आणून एक शॉट सोडायचा, त्यात मन जसं 'पुरेसं दिसलं, सोड' असं म्हणतं ना, ते मन इथे लागतं.

नियमांचं विचारलंस तर गुणांचे नियम हळूहळू कळतील, कुणी तुझ्यावर ओरडणार नाही. सुरक्षेचे नियम मात्र पहिल्या मिनिटापासून. रेंज 'कोल्ड' असते, म्हणजे आरओने, रेंज ऑफिसरने, सांगितल्याशिवाय कुणाच्याही बंदुकीत गोळी नाही. पिस्तूल रिकामं, होल्स्टरमध्ये म्हणजे कमरेच्या म्यानात किंवा बॅगेत. गाडीजवळ उभं राहून बॅग उघडून पिस्तूल कमरेला लावायचं नाही, नवीन माणसं नेमकी इथेच पहिल्या पाच मिनिटांत बाद होतात आणि फार वाईट वाटतं. त्यासाठी सेफ्टी टेबल असतं, तिथेच काढायचं, लावायचं, खटका दाबून बघायचा, आणि त्या टेबलावर गोळीला हातसुद्धा लावायचा नाही, डमी गोळीलाही नाही. मॅगझिन भरायची तर दुसरीकडे कुठेही जाऊन भर.

मग १८० चा नियम. तू जिथे उभा आहेस तिथून समोरच्या मातीच्या बांधाला समांतर अशी एक रेषा डाव्या-उजव्या हाताला कल्पून घे, पिस्तुलाचं तोंड त्या रेषेच्या मागे कधीच यायचं नाही, पळताना नाही, मॅगझिन बदलताना नाही, पडलास तरी नाही. बोट, टार्गेटवर नेम नसेल तेव्हा ट्रिगर गार्डच्या बाहेर, लांबून स्पष्ट दिसेल इतकं बाहेर. पिस्तूल हातातून पडलं तर उचलायचं नाही, ते आरओच उचलतो. स्टेज चालू असताना पडलं तर डीक्यू, म्हणजे त्या मॅचमधून बाद, आहेच, पण एरवी रिकामं पिस्तूल होल्स्टरमधून खाली पडलं तर तो गुन्हा नाही, तू स्वतः वाकून उचललंस तर मात्र डीक्यू. हे शिष्टाचारापोटी वाकून उचलायच्या आपल्या सवयीमुळे होतं, म्हणून मुद्दाम सांगतेय, पाय रोवून उभा राहा आणि आरओला हाक मार.

आरओच्या आज्ञा ठरलेल्या असतात. 'मेक रेडी' म्हटल्यावर पिस्तूल भरायचं, 'आर यू रेडी', 'स्टँडबाय', मग टायमरचा बीप. संपल्यावर 'इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर', मग 'इफ क्लिअर, हॅमर डाउन, होल्स्टर', आणि 'रेंज इज क्लिअर' म्हटल्याशिवाय कुणीही पुढे पाऊल टाकायचं नाही. हॅमर डाउनला तू बांधाकडे तोंड करून ट्रिगर दाबतोस, तिथे आवाज झाला तर डीक्यू. म्हणून मॅगझिन आधी काढ, मग स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग ओढ, आणि चेंबरमध्ये खरोखर डोळ्यांनी बघ. क्रम उलटा झाला की स्लाइडने मॅगझिनमधली नवी गोळी आत घेतलेली असते आणि आपण समजतो रिकामं आहे. आरओ म्हणून उभी असताना मी त्या क्षणी टायमरकडे नाही, चेंबरकडे बघते.

माझी स्वतःची डीक्यू तिसऱ्या मॅचला झाली. उजवीकडच्या खिडकीतून शेवटचं टार्गेट मारून डावीकडे पळायचं होतं आणि वाटेत मॅगझिन बदलायचं होतं. उजव्या हाताने मारणाऱ्यासाठी हीच फसवी दिशा, कारण अंग डावीकडे वळतं आणि पिस्तूल अंगाबरोबर वळतं. मी मॅगझिनच्या तोंडाकडे बघत पळाले, आणि मागून 'स्टॉप' ऐकू आलं. आरओ ओरडला नाही, चिडला नाही, शांतपणे पिस्तूल रिकामं करवून घेतलं, मग म्हणाला की तुझ्या पिस्तुलाचं तोंड रेषेच्या मागे आलं, आजची मॅच तुझ्यापुरती संपली. माझे डोळे भरून आले होते. मी बॅग आवरायला लागले तर स्क्वाडमधल्या म्हणजे आमच्या गटातल्या एका सत्तरीच्या माणसाने पट्ट्यांचा रोल माझ्या हातात दिला, म्हणाला अजून तीन स्टेज आहेत, माणसं कमी पडतायत. मी थांबले, संध्याकाळपर्यंत पट्ट्या चिकटवल्या. शेवटी त्याने मला रिकाम्या हाताने ती हालचाल करून दाखवली, पाय डावीकडे पळतायत पण दोन्ही हात अजून उजवीकडच्या टार्गेटकडेच, जणू पिस्तुलाचं तोंड बांधाला दोरीने बांधलंय आणि खाली तुझं शरीर सरकतंय. महिनाभर मी घरी भिंतीवर चिकटपट्टीची खूण करून रिकाम्या पिस्तुलाने, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, हेच केलं. आज मी कुणाला डीक्यू देते तेव्हा मला तो रोल आठवतो. आणि देतेच, नवीन आहे, पहिलीच मॅच आहे, ओळखीचा आहे, असं काही बघत नाही, कारण त्या रेषेमागे बाकीची दहा माणसं उभी असतात.

आता सामान. डिव्हिजन म्हणजे पिस्तुलाच्या प्रकारानुसार केलेले गट, ते बरेच आहेत, ओपन, लिमिटेड, लिमिटेड ऑप्टिक्स, प्रॉडक्शन, सिंगल स्टॅक, रिव्हॉल्व्हर, पीसीसी म्हणजे पिस्तुलाच्या गोळ्यांची कार्बाइन, पण तुझ्यासारख्यासाठी मी डोळे झाकून कॅरी ऑप्टिक्स सांगेन. साधं ९ एमएम, वर रेड डॉट म्हणजे लाल ठिपका दाखवणारी साइट, सगळ्यांना मायनर गुण त्यामुळे दारूगोळ्याची शर्यत नाही, वजनाची मर्यादा रिकामं मॅगझिन धरून ५९ औंस. ग्लॉक ३४ असो, वॉल्थर पीडीपी असो, सीझेड शॅडो २ असो, तिन्ही चालतात. शॅडो २ जड आहे, स्टीलची, उसळत कमी, हातात बसली तर फार सुंदर, पण पहिली गोळी डबल अॅक्शनच्या लांब ट्रिगरने सुटते, ती वेगळी शिकावी लागते. तुला जे पिस्तूल हातात घेतल्या घेतल्या डॉट शोधावा लागत नाही ते घे. आणि त्यावर ट्रिगर, स्प्रिंग, मॅगवेल असलं काही लावत बसू नकोस, नाचता येईना अंगण वाकडं असं होतं मग. ते पैसे गोळ्यांमध्ये घाल.

होल्स्टर कायडेक्सचा म्हणजे कडक प्लास्टिकचा, ट्रिगर पूर्ण झाकणारा. तर्जनीने बटण दाबून सुटणारा होल्स्टर घेऊ नकोस, घाईत तेच बोट आत ट्रिगरवर जाऊन पडतं. पट्टा दोन पदरी, आतला वेल्क्रोचा आणि बाहेरचा ताठ, साध्या चामडी पट्ट्यावर चार पाऊच लावलेस तर पळताना सगळं लोंबकळतं. डोळ्यांचं संरक्षण, कानाला आतून बोंडं आणि वरून मफ दोन्ही, कारण शेजारच्या बे मध्ये, म्हणजे बांधापलीकडच्या कप्प्यात, ओपन डिव्हिजनवाला असेल तर त्याच्या कॉम्पेन्सेटरचा आवाज छातीत बसतो. गोळ्यांचं म्हणशील तर पाच-सहा स्टेजच्या मॅचला दीडशेच्या आसपास लागतात, तू २५० घेऊन जा. मोठ्या मॅचला क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, तुझ्या गोळ्या तपासतात, गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंदात भागिले १०००, मायनरला किमान १२५ यायला हवं. १४७ ग्रेन आणि ८९० फूट म्हणजे १३०.८, ठीक. १२५ च्या खाली गेलं तर तू मॅच मारू शकतोस पण गुण शून्य. दुकानातल्या कारखानी गोळ्यांना सहसा काळजी नसते, स्वतः प्रेसवर भरणाऱ्यांनी थंडीचा विचार करून वर जागा ठेवायची. रीलोडिंग म्हणजे गोळ्या स्वतः भरणं पहिल्या वर्षी सुरू करू नकोस, तो वेळ ड्राय फायरला म्हणजे रिकाम्या पिस्तुलाच्या सरावाला दे.

न्यू जर्सीचा मुद्दा वेगळा. तुझ्याकडे मॅगझिन १० गोळ्यांचंच कायदेशीर आहे. इकडे आमच्याकडे दुकानात मोठं मॅगझिन सहज मिळतं, मॅचला शेजारचा २३ गोळ्यांचं मॅगझिन लावून उभा असतो, मोह होतो, पण ते घेऊन डेलावेअर नदीचा पूल ओलांडलास की तिकडे तो गुन्हा आहे, अजिबात करू नकोस. १० वर खेळणं वाटतं तेवढं वाईटही नाही. मोठ्या स्टेजचा नियम असा की एका जागेवरून ८ पेक्षा जास्त हिट मागता येत नाहीत, म्हणजे १० मध्ये एक जागा पूर्ण होते आणि वर दोन उरतात, आणि तू प्रत्येक जागा सोडताना पळता पळता मॅगझिन बदलतोस. स्टेज संपेपर्यंत तुझे तीन-चार रीलोड, म्हणजे मॅगझिन बदलणं, झालेले असतात, मोठ्या मॅगझिनवाल्याचा एक. वर्षभराने तुझा रीलोड त्याच्यापेक्षा नक्की चांगला असतो. प्लॅन करताना मात्र गोळ्या मोजायची सवय लावावी लागते, आणि स्टीलवर एक चुकली तर पुढे काय, हे आधीच ठरवून ठेवायचं.

क्लबात सामावून घेतात का, हे तू जरा दबकत विचारलंस असं वाटलं. खरं सांगते, पहिल्या दिवशी मी पार्किंगमध्ये दहा मिनिटं गाडीतच बसून होते. बाहेर सगळे एकमेकांना वीस वर्षं ओळखणारे, पिकअप ट्रक, आणि मी एकटी. पण इथे माणूस बघतात तो दोनच गोष्टींवर, पिस्तूल सुरक्षित हाताळतो का आणि काम करतो का. आपल्याकडे गावच्या पंगतीत कसं असतं, पहिल्या पंक्तीला जेवून उठलेले दुसऱ्या पंक्तीला वाढायला उभे राहतात, इथे अगदी तसंच. एक जण मारतो, गुण मोजून होतात, आणि बाकी सगळे पट्ट्या चिकटवायला, पॉपर म्हणजे गोळी लागली की पडणारी स्टीलची टार्गेटं उभी करायला पुढे जातात. नुकतंच मारून आलेला, पुढचा मारणारा आणि त्याच्या पुढचा, एवढ्यांना सूट. जो प्रत्येक वेळी मॅगझिन भरायच्या निमित्ताने मागे राहतो त्याला कुणी बोलत नाही, पण सगळ्यांच्या लक्षात राहतं. आरओने गुण सांगायच्या आधी पट्टी मात्र लावू नकोस, भोक झाकलं गेलं तर त्या बिचाऱ्याला सगळी स्टेज पुन्हा मारावी लागते.

स्टेज बघायला पाच मिनिटं मिळतात, सगळे हात पुढे करून रिकाम्या हवेत नेम धरत फिरत असतात, दिसायला मजेशीर वाटेल पण तू पण तेच कर, संकोच करू नकोस. प्लॅन विचारलास तर चांगले शूटर मनापासून सांगतात, मला ग्रँड मास्टर म्हणजे सगळ्यात वरच्या क्लासच्या लोकांनी उभं राहून सांगितलंय की इथे डावा पाय टाक म्हणजे दोन्ही टार्गेट दिसतील. पण मारायला उभा राहणाऱ्याशी शेवटच्या दोन मिनिटांत बोलू नकोस.

वाद होतात, त्याला रीत आहे. भोकाची कड वरच्या भागाच्या रेषेला शिवली की वरचे गुण, शंका असेल तर ओव्हरले म्हणजे मापाची पारदर्शक पट्टी लावून बघतात. पॉपरला गोळी लागली आणि तो पडला नाही तर तू पुन्हा मार, किंवा तसाच उभा ठेवून कॅलिब्रेशन माग. मग ठराविक कमी ताकदीच्या गोळीने त्याच्यावर एक शॉट मारतात, तो पडला तर तुझी मिस, नाही पडला तर तुला स्टेज पुन्हा. माझं मत, पुन्हा मारून पुढे जा, कॅलिब्रेशनमध्ये बहुतेक वेळा पॉपर पडतो. टॅबलेटवर गुण आले की स्वतः वाचून मगच मान्य कर.

क्लासिफिकेशनची घाई करू नकोस. स्थानिक मॅचला बहुतेक ठिकाणी मेंबरशिप लागत नाही, क्लास हवा असेल तर लागते, चार क्लासिफायर, म्हणजे क्लास ठरवणाऱ्या ठरावीक स्टेज, झाले की पहिला क्लास मिळतो, ४० टक्क्यांखाली डी, पुढे ४० ला सी, ६० ला बी, ७५ ला ए, ८५ ला मास्टर, ९५ ला ग्रँड मास्टर. क्लासिफायरवर जीव तोडून मारणारे आणि मॅचमध्ये मागे पडणारे खूप बघितलेत.

अजून एक, घरी लहान मूल असेल किंवा पुढे होईल तर शिशाचं भान ठेव. रेंजवरून आल्यावर बूट दाराबाहेरच काढ, हात आणि तोंड थंड पाण्याने साबण लावून धू, त्याआधी खायचं नाही, मॅचचे कपडे वेगळे धू. मॅचला डबा नेतेस का असं मला विचारतात, नेते, पण शिशाचे वाइप्स वापरून झाल्यावरच उघडते.

आता प्रॅक्टिस्कोअर या मॅचच्या नोंदणीच्या वेबसाइटवर जाऊन तुझ्या जवळच्या क्लबची पुढची मॅच बघ, मॅच डायरेक्टरला दोन ओळी लिही की मी नवीन आहे, पिस्तूल नाही, बघायला आणि मदत करायला येऊ का. बरेच क्लब आदल्या दिवशी स्टेज उभ्या करतात, शक्य असेल तर त्याच दिवशी जा, भिंती उचलताना आणि खांब ठोकताना जेवढ्या ओळखी होतात तेवढ्या मॅचच्या दिवशी होत नाहीत. डोळ्यांना चष्मा, कानाला मफ, टोपी, पाणी, जाड तळव्याचे बूट एवढं ने. आणि कुणी पॉपरना रंग मारायला स्प्रेचा डबा हातात दिला तर आधी वारा कुठून येतोय ते बघून उभा राहा.